पुरुष वॉर्डाची बेल

शिवाजी पेठेत डॉ. अनुजा यांचा दवाखाना होता. मोजमाप सुरू झालं आणि त्याचं हॉस्पिटल झालं. तोवर तिथं फक्त ताप आणि बीपी मोजत. आता पुसलेला जिना किती वेळात वाळतो, डॉक्टर हात किती वेळ धुतात, पेशंट पलंगावरून पडला तर कुठल्या कुशीवर पडला, हे सगळं मोजून भिंतीवर लावायला लागले. पेठेनं याला हरकत घेतली नाही. भिंतीवर काही लावलं की वाचायचं आणि वाचून झालं की त्यालाच टेकून उभं राहायचं, अशी इथली पद्धत आहे.

हे चाललं होतं मानांकनासाठी. मानांकन म्हणजे बाहेरची माणसं येऊन हॉस्पिटल चांगलं आहे असं सांगणार, आणि मगच ते चांगलं ठरणार. तयारी करून द्यायला शशिधर नावाचे सल्लागार ठेवले होते. अतिशय सज्जन गृहस्थ. आलेख वर गेला की त्यांचा चेहरा खाली यायचा आणि आलेख खाली आला की वर जायचा. एकच आलेख त्यांचा चेहरा वर येऊ देत नव्हता. तो होता पुरुष वॉर्डाच्या बेलचा.

प्रत्येक पलंगाशी एक बटण होतं. पेशंटनं ते दाबलं की बेल वाजायची आणि वॉर्डाबाहेर सिस्टरांच्या टेबलावर दिवा लागायचा. तो विझवायचा तर सिस्टरनं पलंगापाशीच जायला हवं, अशी त्यात सोय होती. दिवा किती वेळ जळाला ते कॉम्प्युटर मोजायचा. बायकांच्या वॉर्डात दिवा लागायचा आणि विझायचा. पुरुष वॉर्डात मात्र संध्याकाळी लागलेला दिवा देवघरातल्या समईसारखा तेवत राहायचा.

"वॉर्डाच्या सिस्टर बदला," शशिधर म्हणाले. "आकडे बोलतात मॅडम."

वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर होत्या पवित्रा. निपाणीकडच्या. वॉर्ड त्यांनी घरासारखा सांभाळला होता. त्यांना हलवायचं तर एकच जागा मोकळी होती, तळघरातली रेकॉर्ड रूम. तिथं माणसं नसतात, माणसांच्या फायली असतात. निर्णय शनिवारच्या मीटिंगमध्ये व्हायचा होता.

अनुजा मॅडमना हे पटत नव्हतं. त्यांनी पवित्राला बोलावून विचारलं, तर ती "माझंच चुकतंय मॅडम" एवढं म्हणून जमिनीकडं बघत राहिली. चुकतंय म्हणणाऱ्या माणसाला वाचवायचं कसं, हे कुठल्याच मानांकनात दिलेलं नाही. म्हणून मॅडमनी बाळासोंना फोन केला.

बाळासो हे मॅडमच्या वडिलांचे दोस्त. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत त्यांनी क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून जन्म काढला. भट्टीतून आलेला जॉब, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, हातात घ्यायचा, त्यावर छोटी हातोडी मारायची, आवाज ऐकायचा आणि तो पोकळ आला की लाल रंगाची फुली मारायची, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर फुली मारायला काही उरलं नाही, म्हणून ते लग्नातलं जेवण, महापालिकेचे रस्ते आणि जावई यांच्यावर मारत असत. बायको लेकीकडं पुण्याला गेली होती. ते घरी एकटेच होते आणि स्वतःच्या आमटीलाच रोज रिजेक्ट करत होते.

"काका, चार दिवस ॲडमिट व्हाल का?" मॅडमनी विचारलं.

"मला काय झालंय?"

"काही नाही. कंबर धरल्याचं नाटक करायचं. पडून राहायचं आणि बेल वाजली की काय होतं ते बघायचं. मला खरं काय ते कळायला पाहिजे. पवित्राची जागा त्यावर आहे."

"म्हंजे गुपचूप तपासणी." बाळासोंचा आवाज एकदम तरणा झाला. "कुणाला कळता कामा न्हाय."

"अजिबात नाही."

बुधवारी सकाळी बाळासो पुरुष वॉर्डात दाखल झाले. कंबरेला पट्टा बांधला, पट्ट्याला दोरी आणि दोरीला पलंगाखाली वाळूच्या पिशवीचं वजन. पिशवी लोंबकळायची थांबली नव्हती तेवढ्यात दारात जोतीराम उभा. जोतीराम म्हणजे तालमीतला जुना गडी, बाळासोंचा बालमित्र. आवाज असा, की तो कुजबुजला तरी रंकाळा तळ्यावरचे बगळे उडावेत.

"मला सांगितलं न्हाईस व्हय रं? कंबर मोडली आणि दोस्ताला पत्ता न्हाय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? तुझ्या दाराला कुलूप, पिशवी रिक्षात, रिक्षा हिकडं. पेठंत काय मुडदं राहत्यात काय?"

गुप्त पेशंट ही कल्पना परदेशातनं आलेली आहे. तिथं माणूस आजारी पडला तर म्हणे शेजाऱ्याला कळत नाही. इथं शेजारी आधी येतो, मग दुखणं येतं. दुपारपर्यंत बाळासोंच्या पलंगाभोवती शहाळ्यांचा ढीग लागला. संध्याकाळी गल्लीतली माणसं आली, फौंड्रीतली माणसं आली आणि ज्यांना बाळासो ओळखत नव्हते अशीही आली. ती म्हणाली, "आम्ही खरं शेजारच्या पेशंटला बघायला आलतो, पण आलोय तर तुमालाबी बघून जातो, पावणं."

शेजारचा पेशंट होता आकाराम. मार्केट यार्डातला गुळाचा व्यापारी. सगळं आयुष्य गूळ चाखून भाव केला, त्यामुळं साखर झाली होती आणि आता पायाची जखम भरत नव्हती. स्वभावानं मात्र अजूनही गोड. त्याच्याकडं तर दरबार भरायचा.

पवित्रा सिस्टर संध्याकाळच्या ड्यूटीवर आली. बाळासोंची नाडी बघून म्हणाली, "अज्जा, पट्टा टोचतंय काय?"

बाळासोंनी मनातल्या मनात पहिली फुली मारली. अज्जा म्हणजे आजोबा, एवढं कानडी त्यांना येत होतं.

मग ते कामाला लागले. आकारामची बेल वाजली. बाळासोंनी मान वळवली. पवित्रा दाराच्या काचेपाशी आली, तिनं आत बघितलं आणि ती चक्क परत गेली. दिवा जळत राहिला. थोड्या वेळानं कोपऱ्यातल्या पलंगाची बेल वाजली. काच, नजर, परत. हे त्या संध्याकाळी पुन्हा पुन्हा झालं. एकदाच, सलाईन संपलेल्या एका म्हाताऱ्याची बेल वाजली, तेव्हा ती आली आणि बाटली बदलून गेली. बाळासोंना ते दिसलं, पण चांगला जॉब लक्षात ठेवायची त्यांना नोकरीत कधी सवय लागली नव्हती.

मधल्या काळात त्यांच्याकडं पाहुण्यांचं येणं चालूच होतं, तेव्हा त्यांनीही दोन-तीनदा बेल दाबली. पवित्रा काचेपर्यंत आली आणि गेली. बाळासो तापले.

गुरुवारी सकाळी अनुजा मॅडम राउंडला आल्या आणि कंबर तपासायच्या निमित्तानं वाकल्या. बाळासोंनी हळूच सांगितलं, "रिजेक्ट."

"काय?"

"येती, काचंतनं बघती आणि जाती. माझ्या बेलला तर हुंगून बी बघितलं न्हाय. एवढा उघडा डिफेक्ट मी उभ्या जन्मात बघितला न्हाय."

मॅडमचा चेहरा उतरला. "ती असं करेल असं वाटत नाही हो काका."

"ओतीव जॉब बी बाहेरनं गुळगुळीतच दिसतोय. आत पोकळ असतोय."

"शनिवारपर्यंत बघा आणखी."

"बघतो. पण माझी फुली पडली म्हणून समज."

शुक्रवारी दुपारी गारगोटीहून एसटीनं आक्का आली. आक्का बाळासोंची थोरली बहीण. एका हातात भाकऱ्यांचं गाठोडं, दुसऱ्यात दह्याचं मडकं, आणि जोतिबाचा गुलाल पदराच्या टोकाला बांधलेला. आल्या आल्या तिनं गुलाल बाळासोंच्या कपाळाला लावला आणि पलंगाखालची पिशवी उचलून बघितली.

"हे काय? बैलाला लोढणं बांधल्यागत?"

"उपचार हाय आक्का तो. बस. चहा घेशील न्हवं?" आणि बाळासोंनी हात वर करून बेल दाबली.

आक्कानं वर बघितलं. "हे काय दाबलंस?"

"बेल. सिस्टरला बोलवायची."

"कशाला?"

"आता तू एवढी गारगोटीवरनं आलीस, चहा नगो व्हय?"

आक्कानं पदर कमरेला खोचला. 

"बाळ्या, ती पोरगी माणसं बरी कराय हितं हाय का तुझं पावणं सांभाळाय? सून हाय व्हय ती तुझी? घरात बायकूला बसल्या जागंवरनं हाका मारून तुझी खोड गेली न्हाय. आता बटण मिळालं तर काय, राजाच झालास!"

"पण आक्का, आल्या माणसाला चहा विचारल्याबिगर..."

"आलेली माणसं तुझ्यासाठी आलीती का चहासाठी?"

बाळासो पडल्या पडल्या गार झाले. त्यांनी शेजारी मान वळवली.

"आकाराम, काल तुम्ही बेल दाबलासा, ते कशापायी वो?"

"चहाला की!" आकाराम सहज म्हणाला. "सोयरं आलतं न्हवं का कसबा बावड्याचं. सिस्टर लई चांगली हाय. आदी एकदा माझ्या व्याह्याला सवताच्या थर्मासमधला चहा दिलता तिनं. तवापास्नं समद्या वॉर्डाला ठावं झालं."

"मिळतोय का मग चहा?"

"न्हाय मिळत. पण दाबाय पायजे का नगो? पावण्याला दिसाय तर पायजे, की इच्यारलं म्हणून."

कोपऱ्यातल्या पलंगावरून आवाज आला, "आमीबी त्येच्यासाठीच दाबतोय." समोरून एक म्हणाला, "मी कॉफी सांगतोय. मला चहा चालत न्हाय."

जन्मभर दुसऱ्यांच्या मालात भेगा शोधलेल्या बाळासोंना आपणच भेग आहोत हे कळलं. त्यांनी स्वतःच्या पोटावर बोटानं टकटक करून बघितलं. आवाज पोकळ आला. जेवण व्हायचं होतं, त्यामुळंही असेल.

संध्याकाळी आकारामकडं मोठा दरबार भरला. जोतीरामही तिथंच बसला, कारण रविवारी पेठेची फुटबॉल मॅच होती आणि आकारामचा व्याही दुसऱ्या पेठेचा. आकारामचं जेवणाचं ताट आलं होतं, ते पाहुण्यांच्या पिशव्यांआड स्टुलावर तसंच झाकून राहिलं. गोलकीपर कुणाचा चांगला यावर वॉर्ड हादरत होता. तेवढ्यात आकारामची बेल वाजली.

पवित्रा काचेपाशी आली. आत माणसांचा गराडा, हशा, जोतीरामचा दंड थोपटलेला हात. ती वळली.

बाळासोंना मात्र आडवं पडल्यामुळं माणसांच्या कमरांमधून आकारामचा चेहरा दिसत होता. तो हसत नव्हता. कपाळावर घामाचे थेंब होते, ओठ थरथरत होते आणि बोट अजून बटणावरच होतं. इन्शुलिन टोचून झालं होतं आणि पोटात घास गेला नव्हता.

"सिस्टर!" बाळासो ओरडले आणि उठले. पट्टा, दोरी आणि वाळूच्या पिशवीसकट उठले. पिशवी फरफटत मागं आली, एका पाहुण्याच्या पायावरून गेली, दोन शहाळी लवंडली. "चहाचं न्हाय हे! सिस्टर, ह्ये खरं हाय!"

पवित्रा धावली. गर्दी तिनं एका हातानं बाजूला केली, बोटाला सुई टोचून साखर बघितली आणि ग्लुकोजचं पाणी आकारामच्या ओठांना लावलं. डॉक्टरला बोलावलं. घोटाघोटानं पाणी आत गेलं तसा आकारामच्या चेहऱ्यावर रंग आला. साखरेपायी इथं आलेल्या माणसाला साखरेनंच परत आणलं. पहिलं वाक्य तो बोलला, "व्याही जेवून जावा."

डॉक्टर सगळं ठीक असल्याचं सांगून गेले. पाहुणे बाहेर काढले. जोतीराम मात्र दारातच थांबला होता. तो आकारामकडं बघत नव्हता, बाळासोंकडं बघत होता.

"आरं, कंबर!"

बाळासो वॉर्डाच्या मध्यावर ताठ उभे होते.

"कंबर सुटली की तुझी!" जोतीराम गरजला. "सकाळी कूस वळत न्हवतास आन आता पळतोस? काय दवाखाना हाय रं ह्यो!" आणि ही बातमी घेऊन तो पेठेकडं निघाला सुद्धा.

पवित्रानं मात्र बाळासोंकडं नीट बघितलं. तिनं पुष्कळ कमरा बघितल्या होत्या.

"तुम्हाला काही झालेलंच नव्हतं न्हवं, अज्जा?"

"न्हाय."

"मला बघायला आलता."

"व्हय." बाळासो पलंगाच्या कडेला बसले. "आणि कालच सांगून टाकलं मॅडमला, रिजेक्ट म्हणून."

पवित्रानं मान हलवली. ती दुसऱ्या स्टुलावर बसली, आकारामच्या आता रिकाम्या झालेल्या ताटाशेजारी. "बरोबरच हाय की. आज मी बघून परत गेले. आकाराम काकांना काय झालं असतं तर? खाली फायलीच बऱ्या. फायलीला साखर नसती."

"मग मॅडमला सांगितलं का न्हाईस चहाचं?"

"कसं सांगायचं? वॉर्डातली सगळी मला लेक म्हणत्यात. लेकीनं घरातलं बाहेर सांगायचं व्हय? पलंगापाशी गेलं की म्हणत्यात, आलीच हाईस तर सहा चहा सांग. न्हाय म्हणायला जीभ वळत न्हाय. म्हणून काचंतनंच बघायला लागले. चुकलंच ते."

 बाळासोंनी कंबरेचा पट्टा सोडला आणि नीट घडी करून तिच्या हातात दिला.

शनिवारच्या मीटिंगला बाळासो स्वतःच्या पायांनी चालत आले. शशिधरांनी आलेख लावला. लाल रेघ छताकडं निघाली होती.

"ह्या रेघंत मी किती हाय?" बाळासोंनी विचारलं.

"म्हणजे?"

"ह्यातल्या शेवटच्या काही बेला माझ्या हाईत. मी दाबलेल्या. चहासाठी."

शशिधरांनी चष्मा काढून पुसला. कुठल्याच पाठ्यक्रमात त्यांना हे शिकवलेलं नव्हतं.

"आमच्या फौंड्रीत," बाळासो सांगायला लागले, "एकदा समद्या जॉबला एकाच जागी भेग यायला लागली. आम्ही वतणाऱ्या गड्याला धारंवर धरलं. त्याला बदललं, तरी भेग तिथंच. मग कळलं, साच्यातच खोट हाय. तसं हाय हे साहेब. पवित्राला खाली धाडा, उद्या दुसरी आणा. तिलाबी आम्ही सहा चहा सांगणार. साचा आम्ही हाय. पेठ हाय."

"पण सिस्टर बेलला गेल्या नाहीत, हे तर खरं आहे ना?" शशिधर म्हणाले, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

"खरं हाय," बाळासो म्हणाले. "ते तिनं सुधरायचं. बेल वाजली की पलंगापाशी जायचं, मग तिथं कायबी असू दे. पण खोट्या शंभर बेला वाजवून खरी एक ऐकू यायला पायजे म्हणायचं, हे आम्ही सुधरायचं."

अनुजा मॅडमनी पवित्राकडं बघितलं. "जमेल?"

"जाईन मॅडम," पवित्रा म्हणाली. "पण सहा चहाला न्हाय म्हणायला कुणीतरी मोठं माणूस पायजे."

ते माणूस गारगोटीला परत जायला निघालं होतं. त्याला एसटीतून उतरवून आणलं.

तेव्हापासून संध्याकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मोठा थर्मास असतो. पेशंटला बघायला आलेल्या प्रत्येकाला तिथंच चहा मिळतो, पेशंटच्या नावानं. आत एका वेळी एकानंच जायचं. पहिला आठवडा थर्मासपाशी आक्का बसली होती. ती कुणालाच आत फार वेळ थांबू देत नव्हती, "बघितलंस न्हवं? जित्ता हाय न्हवं? नीघ" असा तिचा खाक्या. नंतर ती जागा तालमीनं घेतली आणि जोतीरामला तिथं बसवलं. कुजबुजणं जमत नाही म्हणून त्याला आत सोडतच नाहीत.

लाल रेघ खाली आली. शशिधरांचा चेहरा वर आला. मानांकनाच्या अहवालात त्यांनी सुधारणेचा उपाय म्हणून "अभ्यागत-सुसंवाद केंद्र" असं लिहिलं आहे. ते केंद्र बघायला माणसं आली, तेव्हा जोतीरामनं त्यांना दोन-दोन कप पाजले. पवित्रा वॉर्डातच राहिली. तळघरातली ती जागा अजून मोकळी आहे, आणि कंबरेच्या पेशंटांची मात्र पेठेतून रांग लागली आहे. वाळूची पिशवी घेऊन पळता येईपर्यंत डिस्चार्ज नको, असा त्यांचा आग्रह असतो.

बाळासो घरी आले. घरी आलेल्या पेशंटला पुन्हा बघायला जायचं असतं, ही दुसरी पद्धत. आठवडाभर माणसं येत होती. शेवटी सुट्टीच्या दिवशी पवित्राही आली, हातात एक शहाळं घेऊन.

"अगं, मला काय झालंय? तुला ठावं हाय न्हवं?"

"ठाऊक हाय. पण बघायला यावं लागतंय की, अज्जा."

बाळासोंनी तिला खुर्ची दिली आणि आपण पलंगावर बसले. सवयीनं त्यांचा हात उशाकडच्या भिंतीकडं गेला. तिथं नुसता चुना होता. हात तसाच खाली आणून ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आतून बराच वेळ भांडी पडल्याचे, काडेपेटी शोधल्याचे आणि दूध उतू गेल्याचे आवाज येत राहिले. पवित्रा जागची हलली नाही.

मग कपबशी घेऊन बाळासो आले. चहा बशीतच जास्त होता. समोर उभं राहून ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले. फौंड्रीतला ओतारी जॉब पुढं ठेवून त्यांच्याकडं असाच बघायचा, हे त्यांना इतक्या वर्षांनी आठवलं.

पवित्रानं एक घोट घेतला. कपाला नखानं टकटक केलं आणि आवाज ऐकला.

"रिजेक्ट," ती म्हणाली, आणि सगळा चहा प्यायली.